उंबरठ्यावरची दोन वर्षे

दहावीचा निकाल लागला की धर्मग्रामाच्या कार्यालयात वर्दळ वाढते. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला शिफारसपत्र, तर कोणाला केवळ मन मोकळे करायचे असते. अशाच एका सकाळी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकून तिने नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळवले होते. पेढे देऊन झाल्यावर ते म्हणाले, "फादर, माझा मेहुणा अमेरिकेत असतो. त्याची मुलगी शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घेते. शाळा संपेल तेव्हा तिची कॉलेजचीही जवळजवळ दोन वर्षे झालेली असतील म्हणे. आपल्याकडे असे का नाही? आमच्या मुलीची दोन वर्षे वाचली असती."

मुलगी खाली मान घालून बसली होती. तिला काय वाटते हे वडिलांनी तिला विचारले नाही आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या दिवशी मीही विचारले नाही. मी काहीतरी मोघम उत्तर दिले. मात्र त्यांचा प्रश्न मनातून गेला नाही. शाळा आणि कॉलेज ह्यांच्यामध्ये आपण जी भिंत उभी केली आहे, ती कोणी आणि कशासाठी बांधली? ती पाडून मुलांना लवकर पलीकडे नेणे हे त्यांच्या हिताचे आहे काय? वरवर पाहता हा शिक्षणखात्याचा प्रश्न वाटतो. पण त्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे. दुसऱ्याच्या आयुष्यातील वर्षे 'वाचवण्याचा' अधिकार आपल्याला कोठून मिळतो?

प्रथम हे मान्य केले पाहिजे की ही भिंत काही निसर्गाने घातलेली नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५६ सालापर्यंत शाळा व कॉलेज एकाच छत्राखाली नांदत होते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याने पहिली मॅट्रिकची परीक्षा घेतली. ती उत्तीर्ण होणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे होते. १८४२ साली जन्मलेले रानडे त्या वेळी सतरा वर्षांचे होते आणि कोल्हापूर सोडून एल्फिन्स्टनमध्ये आले तेव्हा अवघे चौदा वर्षांचे. शाळेतील मुलाची परीक्षा विद्यापीठाने घ्यावी ह्यात त्या काळी कोणालाही वावगे वाटत नव्हते.

त्याहून मागे गेलो तर येशूसंघीय धर्मगुरूंनी १५९९ साली आपल्या सर्व विद्यालयांसाठी 'रात्सिओ स्तुदिओरुम' ही अभ्यासपद्धती निश्चित केली, तिच्यापर्यंत पोहोचतो. तिच्यात व्याकरणाचे तीन वर्ग, मग साहित्य, मग वक्तृत्व आणि त्यापुढे तत्त्वज्ञान असा एकच जिना होता. शाळा कोठे संपली व कॉलेज कोठे सुरू झाले हे त्या जिन्यावर दाखवता येत नाही. सर्वसाधारण वर्गबढती वर्षातून एकदाच होई. परंतु एखादा मुलगा वरच्या वर्गात अधिक प्रगती करील असे दिसले, तर त्याची परीक्षा घेऊन वर्षाच्या मध्येही त्याला वर चढवावे, असा नियम होता. म्हणजे हुशार मुलाला अडवून ठेवू नये, ही कल्पना अमेरिकेने शोधून काढलेली नाही. परंतु त्याच पद्धतीत आणखी एक सूचना आहे. शिक्षकाने खालच्या वर्गापासून सुरुवात करावी आणि शक्य तेथे आपल्या विद्यार्थ्यांबरोबर वर्षावर्षाने वर चढत जावे. विद्यार्थी वेगाने चढो वा सावकाश, त्याला ओळखणारा माणूस त्याच्या सोबत असावा. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. पुढील विवेचनात त्यांचा आपल्याला उपयोग होईल.

आता त्या गृहस्थांनी उल्लेखिलेल्या अमेरिकेकडे वळू. रॉबर्ट हचिन्स हे १९२९ साली वयाच्या तिसाव्या वर्षी शिकागो विद्यापीठाचे प्रमुख झाले. माध्यमिक शाळेची शेवटची दोन वर्षे आणि कॉलेजची पहिली दोन वर्षे ह्यांत बरीच पुनरावृत्ती होते, ती चार वर्षे एकसंध असावीत, असे त्यांचे मत होते. त्यांच्या कारकिर्दीत शिकागोचे कॉलेज दहावी झालेल्या मुलांना प्रवेश देऊ लागले. ह्या वाटेने १९४३ साली पंधरा वर्षांचा जेम्स वॉटसन तेथे दाखल झाला. पुढे डीएनएच्या रचनेच्या शोधासाठी १९६२ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. असे उदाहरण दिले की आईबापांचे डोळे चमकतात. परंतु हा मुलगा शिकागोतच वाढलेला होता आणि कॉलेज सुटल्यावर तो आपल्या आईवडिलांच्या घरी परत जात असे, हे सहसा कोणी सांगत नाही. हचिन्स १९५१ साली विद्यापीठातून गेले आणि थोड्याच वर्षांत शिकागोने ही पद्धत सोडून दिली. १९६६ साली एलिझाबेथ ब्लॉजेट हॉल ह्या बाईंनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन येथे अशाच लहान वयाच्या विद्यार्थ्यांसाठी 'सायमन्स रॉक' नावाचे स्वतंत्र कॉलेज सुरू केले. तेथील आवारही २०२५ साली बंद झाले.

येथवरची कथा ही वेगवान मुलांची होती. १९७४ साली मात्र तिला एक वेगळे वळण मिळाले. न्यूयॉर्कमधील लागार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात 'मिडल कॉलेज हायस्कूल' उघडण्यात आले. जेनेट लीबरमन ह्या प्राध्यापिकेची ती कल्पना. तेथे गुणवत्ता यादीतील मुले घेतली नाहीत. जी मुले शाळा अर्धवट सोडतील अशी भीती होती, ती घेतली. ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी कोणी चढले नव्हते, अशा मुलांना रोज कॉलेजच्या आवारात आणून बसवले की 'हे स्थान माझ्यासाठीही आहे' असा विश्वास त्यांना वाटू लागेल, असा विचार त्यामागे होता. पुढे १९८५ साली मिनेसोटा राज्याने कायदा करून अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना राज्याच्या खर्चाने कॉलेजचे विषय घेण्याची मुभा दिली. २००२ नंतर मोठ्या धर्मादाय संस्थांच्या पैशाने 'अर्ली कॉलेज' शाळांची संख्या वाढत गेली. २०२२-२३ ह्या वर्षी शाळेत असताना कॉलेजचा एखादा तरी विषय घेणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांची संख्या सुमारे २५ लाखांवर पोहोचली होती.

ह्या प्रयोगाचे फळ काय? काही शाळांत जागांपेक्षा अर्ज अधिक आल्याने सोडत काढून प्रवेश दिले गेले होते. सोडतीत नाव आलेली मुले आणि न आलेली मुले ह्यांची तुलना अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च ह्या संस्थेने २०१३ साली प्रसिद्ध केली. पहिल्या गटातील ८० टक्के मुले कॉलेजात गेली, दुसऱ्या गटातील ७१ टक्के. अभ्यासाच्या काळात पहिल्या गटातील २२ टक्के मुलांनी एखादी पदवी मिळवली, दुसऱ्या गटातील केवळ २ टक्क्यांनी. (ह्यांतील बऱ्याच पदव्या दोन वर्षांच्या असतात, हे लक्षात ठेवावे.) हे आकडे बोलके आहेत. शाळा आणि कॉलेज ह्यांची सांगड घातल्याने मुलांचे नुकसानच होते असे म्हणणाऱ्याला ते गप्प करतात.

परंतु हे यश कोणत्या शाळांचे आहे, ते पाहिले पाहिजे. ह्या शाळा लहान असतात. मुलाने कॉलेजचा विषय घेतला तरी त्याचा शाळेचा शिक्षक त्याला सोडत नाही. तो अडखळला तर त्याच्यासाठी जादा तासिका असते, सल्ला देणारा माणूस असतो. जेथे ही सोबत नसते, तेथे हीच योजना केवळ गुण साठवण्याची शर्यत होते. अशा ठिकाणी ज्यांच्या घरी आधीपासून पुस्तके आणि पैसा आहे त्यांचीच मुले पुढे जातात आणि कष्टाने मिळवलेले श्रेयांक दुसरे कॉलेज मान्य करीलच अशीही खात्री नसते. रचना एकच, पण तिची फळे दोन प्रकारची. फरक पडतो तो मुलाची जबाबदारी कोणी घेतली आहे ह्या एका गोष्टीने.

येथे तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकलेली एक जुनी गोष्ट आठवते. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या सहाव्या भागात एक निरीक्षण नोंदवले आहे. तरुण माणूस भूमितीत आणि गणितात प्रवीण होऊ शकतो, पण तो विवेकी झालेला सहसा आढळत नाही. कारण विवेक हा विशिष्ट प्रसंगांच्या अनुभवातून येतो आणि अनुभवाला काळ लागतो. ह्या निरीक्षणात आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. गणित, रसायनशास्त्र, व्याकरण ह्यांत एखादी मुलगी दोन वर्षे पुढे असू शकते, तिला तेथे रोखून धरणे हा अन्याय आहे. परंतु कॉलेज म्हणजे केवळ विषय नव्हेत. कॉलेज म्हणजे स्वातंत्र्य. तासाला बसायचे की नाही, कोणाबरोबर हिंडायचे, आईवडिलांना काय सांगायचे आणि काय नाही, अपयश आले तर ते कोणापाशी बोलायचे, हे सर्व तेथे मुलाने स्वतः ठरवायचे असते. त्यासाठी लागणारा विवेक गुणपत्रिकेवर दिसत नाही आणि तो कोणत्याही क्लासमध्ये लवकर शिकवून होत नाही. बुद्धी पुढे जाऊ शकते. विवेकाला त्याच्या चालीने चालू द्यावे लागते. मग पुढे गेलेली बुद्धी आणि मागून येणारा विवेक ह्यांच्यामधले अंतर भरून कोणी काढायचे? जोवर मुलाचा स्वतःचा विवेक पुरेसा होत नाही, तोवर त्याला दुसऱ्या कोणाचा तरी विवेक उसना द्यावा लागतो. तो देणारे घर, शिक्षक, वडीलधारे कोणीतरी हवे.

ह्या कसोटीवर आता आपले महाराष्ट्राचे घर तपासू. डॉ. दौलतसिंह कोठारी ह्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने (१९६४-६६) दहा अधिक दोन अधिक तीन ही रचना सुचवली. पदवीपूर्व अभ्यासक्रम कॉलेजांतून काढून माध्यमिक शाळांकडे सोपवावा असे त्या आयोगाचे मत होते. त्या वयाच्या मुलांची जागा शाळेच्या शिस्तीत आहे असा त्याचा अर्थ. महाराष्ट्राने १९७५ च्या सुमारास नवी रचना स्वीकारली, पण अकरावी-बारावीचे वर्ग बऱ्याच ठिकाणी कॉलेजांतच ठेवले, काही हायस्कुलांना जोडले आणि दोहोंनाही 'ज्युनिअर कॉलेज' हे नाव दिले. म्हणजे शाळा आणि कॉलेज ह्यांचे मिश्रण आपण अर्धशतकापूर्वीच करून बसलो आहोत. मुलगी बसते कॉलेजच्या इमारतीत, पण तिची परीक्षा घेते राज्य मंडळ. इमारतीवर पाटी विद्यापीठाच्या संलग्नतेची, तर तिच्या वर्गावर देखरेख शालेय शिक्षण विभागाची. ती स्वतःला कॉलेजकन्या समजते, शासन तिला उच्च माध्यमिकची विद्यार्थिनी समजते. दोन घरांनी मिळून तिला सांभाळावे अशी ही व्यवस्था होऊ शकली असती. प्रत्यक्षात ती पुष्कळदा ना धड शाळा, ना धड कॉलेज अशी झाली. दोन्ही घरांना वाटते की ती दुसऱ्या घरात आहे.

त्यात भाषेची पायरी. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला विज्ञान शाखेत गेल्यावर एकाएकी सर्व विषय इंग्रजीतून शिकावे लागतात. कालपर्यंत 'गुरुत्वाकर्षण' म्हणणारा मुलगा आज तीच कल्पना परक्या शब्दांत ऐकतो आणि आपली बुद्धी कमी झाली असे समजतो. अकरावीला मंडळाची परीक्षा नसल्यामुळे ते वर्ष पुष्कळदा वाऱ्यावर सोडले जाते. शिवाय आता कॉलेजात केवळ नाव घालायचे आणि दिवसभर खासगी क्लासमध्ये बसायचे अशी प्रथा रूढ झाली आहे. तिला आळा घालण्यासाठी शासनाला २०१८ साली काही शहरांतील ज्युनिअर कॉलेजांच्या विज्ञान शाखेत बोटांच्या ठशांनी हजेरी घेण्याचा आदेश काढावा लागला. ज्या वर्गात शिक्षकाला मुलांची नावे ठाऊक असतात, तेथे यंत्राने हजेरी घेण्याची वेळ येत नाही.

काही वर्षांपूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो तेथील एका मुलाची गोष्ट येथे सांगतो. शाळेत तो पहिल्या पाचांत असे. दहावीनंतर शहरातील एका कॉलेजात विज्ञान शाखेला गेला. रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडे, संध्याकाळी परत येई. दिवाळीनंतर कोणा ओळखीच्या माणसाने त्याच्या आईला सांगितले की तुमचा मुलगा दिवसभर स्टेशनच्या बाकावर बसलेला असतो. चौकशी केली तेव्हा कळले की ऑगस्टपासून तो वर्गात गेलाच नव्हता. शिकवलेले समजत नव्हते आणि ते सांगावे असे तेथे कोणी नव्हते. घरी सांगितले तर आईच्या कष्टांचा अपमान होईल असे त्याला वाटले. ती माऊली माझ्यासमोर रडत नव्हती. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती. "फादर, शाळेत एक दिवस गेला नाही तर बाई घरी निरोप पाठवायच्या. इथे तीन महिने कोणालाच कसे कळले नाही?" त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपल्या धर्मग्रामातील एक मुलगा रविवारच्या मिस्साला येईनासा झाला आहे हे माझ्याही लक्षात आले नव्हते, हे मला येथे कबूल केले पाहिजे.

म्हणून मला वाटते, 'किती लवकर' हा आपला प्रश्न चुकीच्या ठिकाणाहून सुरू होतो. खरा प्रश्न 'कोणाच्या हाती' हा आहे. शाळेने मुलाचा हात सोडला आणि कॉलेजने तो धरला नाही, तर तो पंधराव्या वर्षी पलीकडे गेला काय आणि अठराव्या वर्षी गेला काय, तो पडणारच. दोघांनीही हात धरला असेल तर पंधराव्या वर्षीही तो सुखरूप पोहोचतो.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. "फादर, तुम्हाला सावकाश चालायला सांगणे सोपे आहे. आमच्या घरी दोन वर्षे म्हणजे दोन वर्षांची फी, गाडीभाडे आणि एक पगार कमी." गरिबाच्या घरी वेळ ही चैनीची वस्तू नसते, हे खरे आहे. ज्या घरात मुलीला किती वर्षे शिकू देणार हेच आधी ठरलेले असते, तेथे वाचलेली दोन वर्षे म्हणजे कदाचित तिची संपूर्ण पदवी. अशा मुलीसाठी लवकरची वाट उघडणे हा न्याय आहे आणि लागार्डियाच्या त्या शाळेने हेच ओळखले होते. ज्याच्यापाशी सर्व काही आहे त्याला आणखी पुढे ढकलण्यासाठी ही वाट नसावी. जो दाराबाहेर राहील त्याला आत घेण्यासाठी ती असावी. घाई ही गरज असेल तर तिचा मान राखला पाहिजे. पण शेजाऱ्याच्या मुलाच्या पुढे जाणे एवढेच तिचे कारण असेल, तर त्या शर्यतीची किंमत आपले मूल मोजत असते.

धोरणेही आता बदलत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी ही चार वर्षे एकाच टप्प्यात घातली आहेत आणि विषय निवडण्याची मोकळीक देऊ केली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ च्या नोव्हेंबरात पदवीचा अभ्यास नेहमीपेक्षा लवकर पूर्ण करण्याची, तसेच गरज असेल तर अधिक काळ घेऊन पूर्ण करण्याची योजना जाहीर केली. ह्यांतील पहिल्या भागाची चर्चा पुष्कळ होईल. मला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. सावकाश जाणाऱ्यालाही त्याच पदवीचा मान मिळेल, हे मान्य करण्यात माणसाच्या वाढीविषयीचा आदर आहे. सर्वांची चाल एक नसते आणि एकाच मुलाची सर्व विषयांतील चालही एक नसते, हे ज्या दिवशी आपण मनापासून स्वीकारू, त्या दिवशी शाळा-कॉलेजमधली भिंत आपोआप ठेंगणी होईल.

मात्र कागदावर रचना कोणतीही येवो, काही गोष्टी आपल्या हातात आहेत. आपल्या शाळांनी दहावीच्या निरोपसमारंभानंतर मुलांना विसरून जाऊ नये. अकरावीच्या पहिल्या सहा महिन्यांत कोण कोठे आहे, कोणाला काय जड जाते, ह्याची एकदा तरी विचारपूस करावी. जी मुले ही पायरी नुकतीच चढली आहेत त्यांनी पुढच्या वर्षीच्या मुलांना आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. विज्ञानाचे मराठी शब्द आणि त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द समोरासमोर ठेवून एखाद्या महिन्यात पुष्कळ भीती घालवता येते. धर्मग्रामातील निवृत्त शिक्षकांना हे काम कोणी सांगितले तर ते नाही म्हणणार नाहीत असा माझा अनुभव आहे. आईवडिलांनीही गुण विचारण्यापूर्वी, "आज वर्गात कोणाशी बोललास?" एवढे विचारावे.

त्या गृहस्थांना मी नंतर पुन्हा बोलावून घेतले. ह्या वेळी मी मुलीला विचारले, "बाळ, तुला काय वाटते? दोन वर्षे वाचली तर हवी आहेत का?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "फादर, रसायनशास्त्र मला अवघड जात नाही, अजून भरभर शिकवले तरी चालेल. पण वर्गात उभे राहून इंग्रजीत शंका विचारायची म्हटले की पाय लटपटतात. त्याला थोडा वेळ हवा."

वडिलांनी तिच्याकडे पाहिले. हे ते प्रथमच ऐकत होते.